कॉर्टिसोन आणि कणा

औषध आधीं सांपडतें, त्याच्या गुणांचा सर्वत्र बोलबाला होतो, आणि दोष मागाहून कळतात, असा नव्या औषधांविषयीं आपला सर्वसाधारण अनुभव आहे. कॉर्टिसोनची हकीकत याहून निराळी आहे. हें औषध पहिल्या रोग्याला टोंचलें गेलें तें इ. स. १९४८ च्या सप्टेंबरांत. शरीरांतील त्याच जातीच्या स्रावाचा अतिरेक झाला असतां माणसाचीं हाडें ठिसूळ होतात, पाठीला पोंक येतें आणि उंचीसुद्धां घटते, हें वर्णन मात्र त्यापूर्वीं सोळा वर्षें अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत छापून झालें होतें. त्या स्रावाचें नांव अद्याप कोणाला ठाऊक नव्हतें, इतकेंच. असें असूनही, दीर्घकाळ हें औषध घेणाऱ्या रोग्याच्या हाडांची काळजी औषधाबरोबरच सुरू झाली पाहिजे, असा स्पष्ट उपदेश अमेरिकेंतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें आपल्या सभासदांना केला तो १९९६ सालीं.

ज्ञान हातीं असून त्याचा उपयोग व्हावयास एवढा काळ कां लागला, हा या लेखाचा विषय आहे. विषय परदेशांतील प्रयोगशाळांचा असला तरी दूरचा नाहीं. दमा, आमवात, ल्युपस, मूत्रपिंडाचा किंवा कातडीचा एखादा हट्टी विकार यांपैकीं कांहीं ज्या घरीं आहे, त्या घरच्या औषधांच्या डब्यांत प्रेडनिसोलोनच्या बारीक गोळ्या पुष्कळदां सांपडतात. आणि त्या घेणाऱ्या माणसाला हाडांविषयीं कोणीं कांहीं सांगितलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या घरापुरता अगदीं आजचा आहे.

प्रथम हाड म्हणजे काय हें थोडें पाहिलें पाहिजे. हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तु आहे अशी आपली समजूत असते, कारण आपण तें पाहतों तें बहुधा मेलेलें. जिवंत हाडाची गोष्ट मातीच्या जमिनीच्या घरासारखी आहे. अशा घरांत जमिनीचे पोपडे उकरून काढावे लागतात आणि त्या जागीं नवी माती चोपून सारवावें लागतें. हें काम एकदां करून संपत नाहीं. आपल्या हाडांत जुनें हाड पोखरून काढणाऱ्या पेशी निराळ्या आणि नवें रचणाऱ्या निराळ्या. दोघींचें काम बरोबरीनें चाललें आहे तोंवर हाडाचें वजन कायम राहतें. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं रचणाऱ्या पेशी कमी होतात व अल्पायुषी होतात. हाडाच्या आंत राहून त्याची देखरेख करणाऱ्या पेशीही मरूं लागतात. पोखरणाऱ्या पेशी मात्र आरंभींचे कांहीं महिने नेहमींपेक्षां अधिक टिकून राहतात. भरींत भर म्हणून आंतड्यांतून कॅल्शियम कमी शोषलें जातें आणि लघवीवाटे अधिक जातें. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार रचना ज्या हाडांत जास्त, त्यांना हा तोटा सर्वांत आधीं भोंवतो. आणि अशी रचना कण्याच्या मणक्यांत भरपूर असते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथि आहेत. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील टॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं प्रथम दाखवून दिलें कीं, या ग्रंथि नासल्या तर माणूस अशक्त होत होत, कातडी काळवंडून मरतो. म्हणजे त्यांच्यांतून जिवाला आवश्यक असें कांहींतरी स्रवतें. उलट तें 'कांहींतरी' प्रमाणाबाहेर स्रवलें तर काय होईल, हा दुसरा अर्धा प्रश्न सुटण्यास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं.

तो सोडविण्याचें श्रेय हार्वे कुशिंग यांना जातें. कुशिंग हे मेंदूवरील शस्त्रक्रियेचे अमेरिकेंतील आद्य आचार्य. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत १९१० च्या अखेरीस तेवीस वर्षांची एक तरुणी त्यांच्याकडे आली होती. तिचा चेहरा वाटोळा सुजलेला, पोट सुटलेलें, हातपाय मात्र काटकुळे, कातडीवर जांभळे चट्टे आणि पाठ वांकलेली. १९१२ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं तिचें वर्णन दिलें, आणि वीस वर्षांनीं, १९३२ सालीं, तशाच बारा रोग्यांची हकीकत एकत्र करून एक निबंध प्रसिद्ध केला. मूळ दोष मेंदूच्या तळाशीं असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या गांठींत आहे असें त्यांचें प्रतिपादन होतें. त्या गांठीमुळें मूत्रपिंडांवरील ग्रंथि चेतविल्या जाऊन बेसुमार स्राव करतात, हें पुढें स्पष्ट झालें. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, लक्षणांच्या यादींत त्यांनीं खांदे वांकणें, कंबरेच्या कण्यांत वेदना होणें आणि मोजून दाखवितां येईल इतकी उंची कमी होणें, हीं स्वच्छ नमूद केलीं आहेत. यांतील उंचीची नोंद आम्हांला विशेष वाटते. तिला कोणतेंही यंत्र लागत नाहीं. भिंतीशीं उभें करून एक पट्टी लावली कीं झालें.

त्या लक्षणाचें कारण शोधण्याचें काम बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांतील फुलर ऑलब्राइट यांनीं हातीं घेतलें. ऋतु थांबल्यावर स्त्रियांचीं हाडें विरळ होतात ही गोष्ट १९४० च्या सुमारास याच गृहस्थांनीं नीट मांडली होती. कुशिंगच्या रोग्यांत हाडांतला चुना आधीं निघून जातो असें नसून, ज्या प्रथिनांच्या जाळ्यावर तो चुना बसावयाचा तें जाळेंच विणलें जात नाहीं, आणि याला मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा अतिरिक्त स्राव कारण आहे, असें मत त्यांनीं १९४२-४३ च्या एका व्याख्यानांत मांडलें. तपशिलांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु रचणारे हातच थांबतात हा त्यांचा मुख्य मुद्दा आजही खरा ठरलेला आहे. कॉर्टिसोन बाजारांत येण्यास तेव्हां सहा-सात वर्षें अवकाश होता.

आतां रंगभूमि बदलते. मिनेसोटा संस्थानांतील रॉचेस्टर गांवीं मेयो क्लिनिक नांवाची संस्था आहे. तेथें आमवाताच्या रोग्यांवर उपचार करणारे फिलिप हेंच यांनीं १९२९ सालीं एक चमत्कारिक गोष्ट पाहिली: आमवातानें जखडलेल्या एका रोग्याला कावीळ झाली आणि त्याचे सांधे मोकळे झाले. गरोदरपणींही स्त्रियांचा आमवात पुष्कळदां ओसरतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. शरीर स्वतःच असा कांहीं पदार्थ उत्पन्न करीत असावें, ही कल्पना त्यांनीं मनांत धरली. त्याच संस्थेंत एडवर्ड केंडाल हे रसायनशास्त्रज्ञ गुरांच्या ग्रंथींतून एकामागून एक द्रव्यें वेगळीं काढीत होते आणि त्यांना अक्षरांचीं नांवें देत होते. त्यांतलें 'ई' हें द्रव्य वापरून पाहावें असें दोघांनीं १९४१ सालींच ठरविलें, पण तें मिळावें कोठून? महायुद्ध चालूं होतें. जर्मन वैमानिकांना या ग्रंथींचा अर्क पाजून फार उंचीवर विमानें चालवावयास लावतात, अशी एक कंडी त्या वेळीं उठली. ती खोटी होती, पण तिच्यामुळें अमेरिकन सरकारानें या संशोधनाला चालना दिली. खोट्या बातमीनेंही कधीं कधीं खरें काम होतें. अखेर मर्क कंपनींतील लुइस सॅरेट यांनीं १९४४ सालीं गुरांच्या पित्तापासून, तीसाहून अधिक पायऱ्यांची रासायनिक चढण चढून, तें द्रव्य तयार केलें.

२१ सप्टेंबर १९४८ रोजीं हेंच यांनीं एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीला पहिलें इंजेक्शन दिलें. कांहीं वर्षांच्या आमवातानें तिला अंथरुणांत कूसही बदलतां येत नव्हती, आणि बरें वाटल्याशिवाय रुग्णालय सोडणार नाहीं असें तिनें निक्षून सांगितलें होतें. तिसऱ्या दिवशीं ती सहज कूस बदलूं लागली. आठवडा झाला तेव्हां ती गांवांत जाऊन तीन तास खरेदी करून आली. पुढील एप्रिलांत हेंच यांनीं आपल्या सहकाऱ्यांपुढें हे रोगी चलच्चित्रांत दाखविले: औषधापूर्वीं पायरी चढूं न शकणारे आणि नंतर भरभर चालत येणारे. १९५० सालचें नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल आणि बाझल येथील टाडेउश राइखस्टाइन यांना विभागून मिळालें. शोध व पारितोषिक यांत एवढें थोडें अंतर वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच आढळेल.

पहिल्या रोगिणीला रोज शंभर मिलिग्रॅम दिलें जात होतें. निरोगी माणसाच्या ग्रंथि दिवसाकांठीं जेवढा स्राव करतात, त्याच्या कितीतरी पट हें प्रमाण होतें. अशा प्रमाणाचा परिणाम काय व्हावयाचा हें कुशिंग यांनीं लिहून ठेवलेंच होतें. आणि तो झाला. मेयो क्लिनिकमधील वैद्यांनींच १९५० सालीं आपल्या रोग्यांत उद्भवलेलीं वाटोळ्या चेहऱ्यादि लक्षणें प्रसिद्ध केलीं. हेंच यांच्यावर आरोप करावा असें आम्हांस वाटत नाहीं. हें औषध रोग समूळ काढीत नाहीं, तें थांबविलें कीं रोग परततो, हें ते आरंभापासून सांगत होते. परंतु चालूं न शकणारा माणूस चालूं लागला हें दृश्य एकदां पाहिल्यावर तळटीप कोण वाचतो?

शिवाय औषध लौकरच स्वस्त झालें. १९४९ सालीं एका ग्रॅमला दोनशें डॉलर पडत. मेक्सिकोच्या रानांतील एका कंदापासून स्टेरॉइडें करण्याची रीत रसेल मार्कर यांनीं आधींच काढली होती. १९५२ सालीं अपजॉन कंपनीच्या दोघा संशोधकांनीं रासायनिक चढणीतील सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली, आणि भाव कोसळले. १९५५ सालीं शेरिंग कंपनीनें प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन या सुधारलेल्या गोळ्या आणल्या. यांत मीठ व पाणी शरीरांत सांचून राहण्याचा दोष कमी होता, म्हणून सर्वच दोष कमी असतील अशी आशा करण्यांत आली. हाडांच्या बाबतींत ती फोल ठरली. १९५४ सालींच दीर्घकाळ कॉर्टिसोन घेणाऱ्यांच्या मणक्यांचा चुरा झाल्याचे वृत्तांत अमेरिकन वैद्यकीय मासिकांत आलेले होते.

या काळच्या एका रोग्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे, कारण तो रोगी पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला. जॉन केनेडी यांना ॲडिसनचा विकार असल्याचें निदान १९४७ सालीं लंडन येथें झालें. म्हणजे त्यांच्या ग्रंथि आवश्यक तेवढा स्रावही करीत नव्हत्या, आणि कॉर्टिसोन जगांत आलें नसतें तर ते फार दिवस जगते ना. त्यांच्या पाठीचें दुखणें मात्र याहून जुनें. तें कॉलेजांतील फुटबॉलपासूनचें म्हणतात, आणि १९४३ सालीं सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेनें त्यांची नौका मधोमध कापली तेव्हां तें आणखी वाढलें. १९५४ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें त्यांच्या कण्यावर शस्त्रक्रिया होऊन धातूची पट्टी बसविण्यांत आली. जखम चिघळली, ते बेशुद्ध झाले, धर्मगुरूला बोलावून अंत्यविधीची प्रार्थनाही झाली. वांचले, पण चार महिन्यांनीं पट्टी काढून टाकावी लागली. पुढील वर्षीं शस्त्रक्रियेच्या एका नियतकालिकांत, ॲडिसनचा विकार असलेल्या रोग्यांवर मोठी शस्त्रक्रिया कशी निभावावी या विषयावर एक लेख आला, आणि त्यांत सदतीस वर्षांच्या एका अनामिक पुरुषाची हकीकत होती. हा पुरुष कोण तें १९६० च्या निवडणुकींत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. केनेडींच्या बाजूनें तर या विकाराचा इन्कारच करण्यांत आला.

त्यांचे वैद्यकीय कागद पाहण्याची परवानगी २००२ सालीं इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना मिळाली. त्यांच्याबरोबर कागद पाहणाऱ्या वैद्यांना कंबरेचे मणके दबून मोडल्याचें आढळलें, आणि इतक्या तरुण वयांत हाडें अशीं विरळ होण्याचें कारण स्टेरॉइड असावें असा तर्क निघाला. हा तर्क सर्वमान्य नाहीं. ज्याच्या शरीरांत स्राव होतच नाहीं त्याला तेवढी भर घालून देणें, आणि ज्याच्या शरीरांत तो पुरेसा होतो त्याला वरून कित्येक पट देणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारांत हाडांचा तोटा पुष्कळ कमी असावयास पाहिजे. केनेडींना निरनिराळ्या वेळीं किती औषध दिलें गेलें याचा हिशेब पुरता लागत नाहीं, म्हणून आम्ही निर्णय देत नाहीं. पण रोज कंबरेला कडक पट्टा आवळून, डाव्या पायांत मोजा दुसऱ्याकडून घालवून घेऊन हा माणूस जगापुढें तरतरीत तरुणाच्या रूपांत उभा राहात होता, आणि त्याचे मणके कां मोडले हा प्रश्न लोकांसमोर येण्यास चाळीस वर्षें जावीं लागलीं, ही गोष्ट या विकाराच्या एकंदर इतिहासाला साजेशीच आहे. मोडलेला मणका बाहेरून दिसत नाहीं. पुष्कळदां तो दुखतही नाहीं.

विलंबाचें एक कारण येथेंच सांपडतें. साध्या क्ष-किरणांच्या चित्रांत हाड विरळ दिसूं लागतें तें त्याचा तिसऱ्या हिश्शाएवढा भाग नष्ट झाल्यावर. तोंपर्यंत चित्र निर्दोष. दुसरें असें कीं, आमवाताच्या रोग्याची पाठ दुखली तर ती आमवातानें दुखते असें म्हणावयास कोणाची हरकत नसते, आणि रोगी वयस्क असला तर वार्धक्य हें उत्तर तयारच असतें. परंतु आमच्या मतें खरें कारण याहून सरळ होतें. हाडांची झीज थांबविण्याचा उपाय वैद्यांच्या हातीं नव्हता. ज्या दुखण्यावर आपल्यापाशीं औषध नाहीं तें शोधण्याची तसदी माणूस सहसा घेत नाहीं. वैद्य यांतून सुटत नाहींत. आणि मूळ औषध बंद करावें म्हटलें तर तेंही धोक्याचें. बाहेरून आयता स्राव मिळूं लागला कीं शरीरांतील ग्रंथि आळसावतात व सुकतात. १९५२ सालीं, कॉर्टिसोन घेत असलेला एक तरुण खुब्यावरील शस्त्रक्रियेनंतर दगावला तेव्हां त्याच्या ग्रंथि अगदीं आकसून गेल्याचें शवविच्छेदनांत दिसलें. हाडांच्या भीतीनें आपण होऊन गोळ्या एकाएकीं टाकून देणारा रोगी आजही याच दरीच्या कडेला उभा असतो. कमी करावयाच्या त्या वैद्याच्या सांगण्यानें व हळूहळू, हा नियम त्या मृत्यूपासून चालत आला आहे.

कोंडी फुटली ती दोन बाजूंनीं. एक बाजू मापनाची. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील जॉन कॅमेरॉन व जेम्स सोरेन्सन यांनीं १९६३ सालीं, किरणांचा झोत हाडांतून पाठवून किती अडतो यावरून हाडांतील खनिजाचें माप काढण्याची युक्ति प्रसिद्ध केली. ती प्रथम हाताच्या हाडापुरती होती. दोन निराळ्या शक्तींचे किरण वापरून कणा व खुबा मोजणारें, हल्लीं 'डेक्सा' या नांवानें आपल्या शहरांतूनही परिचित असलेलें यंत्र १९८७ सालीं बाजारांत आलें. निरोगी तरुणांच्या सरासरीहून अडीच प्रमाण-विचलनें खालीं माप उतरलें तर अस्थिसुषिरता समजावी, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं ऋतु थांबलेल्या स्त्रियांसाठीं केली. स्टेरॉइड घेणाऱ्यांना ती जशीच्या तशी लावणें मात्र फसवें आहे. त्यांचीं हाडें यंत्रांत बरीं दिसत असतांनाही मोडतात. कारण हाड किती आहे एवढेंच यंत्र सांगतें, तें आंतून कितपत जिवंत आहे हें सांगत नाहीं.

दुसरी बाजू औषधाची, आणि तिची सुरुवात आपल्या न्हाणीघरांतल्या बंबाची आठवण करून देणारी आहे. जड पाणी तापवून तापवून बंबाच्या तळाशीं चुन्याची खपली बसते. ती बसूं नये म्हणून वापरावयाचीं फॉस्फेटें कारखानदारांना पूर्वींपासून माहीत होतीं. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथें हर्बर्ट फ्लाइश हे, शरीरांत भलत्या ठिकाणीं चुना कां सांचत नाहीं याचा शोध करीत असतां त्यांना रक्तांत व लघवींत तसेंच एक फॉस्फेट सांपडलें. तें पोटांत घेऊन टिकत नसे. म्हणून ग्रॅहम रसेल आणि एका अमेरिकन साबण-कंपनींतील संशोधक यांच्या साह्यानें त्याचें टिकाऊ भावंड शोधण्यांत आलें. बिस्फॉस्फोनेट नांवाचीं हीं द्रव्यें हाडांना चिकटून बसतात आणि पोखरणाऱ्या पेशींना लुळ्या करतात, हें १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हाडांचें रक्षण त्यांनीं होतें, हें न्यूझीलंडमधील इयान रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं दाखविलें. १९९८ सालच्या ४७७ रोग्यांवरील प्रयोगांत, अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर, ॲलेंड्रोनेट घेणाऱ्यांच्या कण्याची घनता शेंकडा दोन ते तीन वाढली; न घेणाऱ्यांची किंचित घटली. एवढा लहान आंकडा वाचकांस क्षुल्लक वाटेल, परंतु घसरण थांबली हें त्यांतलें महत्त्वाचें. २००७ सालीं टेरिपॅराटाइड या, रचणाऱ्या पेशींना जागें करणाऱ्या औषधाशीं ॲलेंड्रोनेटची तुलना झाली. अठरा महिन्यांत नवे मणके मोडलेल्यांचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा ०.६ आणि दुसऱ्यांत ६.१ पडलें. ऑलब्राइट यांचें निदान साठ वर्षांनीं असें फळास आलें. तें रोज टोंचून घ्यावें लागतें व महाग आहे, म्हणून बहुतेकांच्या वांट्यास गोळीच येते.

या गोळीचेही नियम आहेत. सकाळीं अनशापोटीं, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी लागते आणि पुढें अर्धा तास आडवें व्हावयाचें नाहीं. चहाबरोबर घेतली तर ती फुकट गेली म्हणून समजावें, आणि घेऊन लवंडलें तर अन्ननलिकेला चटके बसतात. फार वर्षें घेतल्यानें मांडीचें हाड विलक्षण रीतीनें मोडल्याचीं आणि दांत काढल्यावर जबड्याचें हाड भरून न आल्याचीं उदाहरणें विरळा घडलेलीं आहेत. यास्तव दांतांचीं कामें आधीं उरकून घ्यावीं, असें सांगण्यांत येतें.

किती औषधानें हाडांना धोका पोंचतो, याचें उत्तर इंग्लंडांतील नोंदींवरून मिळालें. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या २,४४,२३५ रोग्यांची तितक्याच इतर लोकांशीं केलेली तुलना २००० सालीं प्रसिद्ध झाली. रोज साडेसात मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांचे मणके मोडण्याचें प्रमाण इतरांच्या पांचपट, आणि अडीच ते साडेसात घेणाऱ्यांतही अडीचपट आढळलें. धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच चढतो. औषध बंद झाल्यावर तो पुष्कळ अंशीं लौकर उतरतो, ही त्यांतली दिलाशाची गोष्ट. सुरुवातीचे महिने वाट पाहण्यांत घालविले तर जें वांचवावयाचें तेंच गेलेलें असतें. म्हणून तीन महिन्यांहून अधिक काळ अडीच मिलिग्रॅम किंवा जास्त औषध लागणार असेल तर हाडांचा अंदाज सहा महिन्यांच्या आंत घ्यावा व कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची तजवीज करावी, असें अमेरिकन संस्थेचे अलीकडचे नियम सांगतात.

नियम होऊनही बऱ्याच रोग्यांना ना मापन, ना औषध, अशीच स्थिति निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत वारंवार दिसून आली आहे. गोळ्या देणारा वैद्य फुप्फुसाचा, कातडीचा किंवा मूत्रपिंडाचा असतो. मणका मोडल्यावर रोगी जातो तो हाडांच्या वैद्याकडे. मधल्या काळांत हाडें कोणाचींच नसतात. आपल्या देशांत याला आणखी एक फांटा आहे. सांधेदुखीवर रामबाण म्हणून खेडोपाडीं व शहरांतही ज्या बिननांवाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलें सांपडण्याचे प्रकार नवे नाहींत. आजीबाई तीन दिवसांत उठून चालूं लागतात, पुडीवाल्याचा लौकिक वाढतो, आणि वर्षां-दोन वर्षांनीं पाय घसरण्याचें निमित्त होऊन खुबा मोडतो तेव्हां दोष वयाला दिला जातो. १९४९ सालीं हेंच यांनीं चलच्चित्रांत दाखविलेला चमत्कारच हा. फरक एवढाच कीं, येथें औषधाचें नांव व प्रमाण कोणालाच ठाऊक नसतें.

भरपूर ऊन असूनही आपल्या शहरांतील लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, हें आतां सर्वश्रुत आहे. अन्नाच्या बाबतींत मात्र आपण दरिद्री नाहीं. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, आणि दूध, दही, तीळ हीं घरचींच आहेत. केवळ नाचणीची भाकरी खाऊन स्टेरॉइडचा परिणाम टळेल असें कोणी सांगूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. पण तिच्यावांचून दिलेलें महागडें औषधही चुन्याशिवाय बोलावलेल्या गवंड्यासारखें आहे. चालणें, आणि पायांत बळ राहील असा माफक व्यायाम यांचेंही महत्त्व आहे, कारण हें औषध मांड्यांचे स्नायूही दुबळे करतें आणि माणूस पडतो तो बहुधा त्यामुळें. रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असणें ही गोष्ट वैद्याच्या चिठ्ठीवर लिहिली जात नाहीं.

गोळीचें प्रमाणच कमी करण्याचे प्रयत्नही आपल्या परीनें सफळ झाले आहेत. दम्यासाठीं हुंगण्याचें बेक्लोमेथासोन १९७२ च्या सुमारास आलें आणि असंख्य रोग्यांच्या पोटांतल्या गोळ्या सुटल्या. आमवातांत मेथोट्रेक्सेटनें १९८० नंतर तेंच केलें. गुण ठेवून हाडांचा दोष तेवढा वगळलेलें स्टेरॉइड तयार करण्याची आशा शेरिंग कंपनीच्या गोळ्यांपासून रसायनशास्त्रज्ञांनीं सोडलेली नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत व्हॅमोरोलोन या औषधाला स्नायूंच्या एका आनुवंशिक विकारानें पीडित मुलांसाठीं परवानगी मिळाली. त्या मुलांना लहानपणापासून वर्षानुवर्षें स्टेरॉइड घ्यावें लागतें, आणि त्यांची वाढ खुंटते व मणके मोडतात. नव्या औषधानें उंची पूर्वींच्या गोळ्यांइतकी खुंटत नाहीं आणि रक्तांतील हाडांच्या घडणीचीं चिन्हें तितकीं खालावत नाहींत, असें सुरुवातीच्या प्रयोगांत दिसलें. हीं मुलें आतां कोठें मोठीं होत आहेत. त्यांच्या मणक्यांचा हिशेब लागावयास अद्याप कांहीं वर्षें जावीं लागतील.